अज्ञात संकेतलेखाची प्रकारनिश्चिती : सकळ लिपीपासून हॅशपर्यंत

(१)

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर हे क्षेत्र आहे. महानुभाव पंथाचे अनुयायी त्यास आत्मतीर्थ म्हणतात आणि पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंशी त्याचा संबंध सांगतात. या क्षेत्राप्रमाणेच गोदाकाठच्या व मराठवाड्यातील इतर महानुभावीय स्थानांतून मराठीच्या आद्य गद्याची आणि पद्याची जपणूक पिढ्यान्‌पिढ्या झाली. परंतु ज्या पोथ्यांतून हे वाङ्मय टिकले, त्यांतील कित्येक पोथ्या मराठी जाणणाऱ्या वाचकासही शतकानुशतके वाचता आल्या नाहीत. त्यांची भाषा मराठीच होती. अडसर होता तो लिपीचा. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते.

अशी एखादी पोथी अभ्यासकाच्या हाती आली, म्हणजे तिची किल्ली कोणती, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो. वस्तुतः त्यापूर्वी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. समोरचा लेख कोणत्या प्रकारचा आहे? तो संकेतलेख आहे, की केवळ अपरिचित लिपीतील साधा लेख? संकेतलेख असल्यास त्यात अक्षराऐवजी अक्षर योजले आहे, अक्षराऐवजी अंक योजला आहे, की अक्षरांचा क्रम बदलला आहे? या प्रश्नांचा निर्णय न करता किल्लीच्या शोधास लागणारा अभ्यासक बहुधा चुकीच्या कुलपाशी झटत बसतो. प्रकारनिश्चिती हे वाचनाच्या आधीचे स्वतंत्र शास्त्रीय कार्य आहे. बाह्य लक्षणांवरून त्याचा आरंभ होतो, पण केवळ बाह्य लक्षणांवर त्याची समाप्ती होत नाही. महानुभावीय लिप्यांच्या इतिहासावरून आणि संगणकयुगातील हॅश या खुणेच्या अनुभवावरून हेच तत्त्व कसे सिद्ध होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

श्रीचक्रधरांच्या लीळांचे संकलन म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे दिल्लीच्या सैन्याच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसे झाले आणि ते स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, अशी पंथाची परंपरा आहे. ग्रंथनाशाच्या या अनुभवातून, तसेच आपले शास्त्र अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नये या भावनेतून, सांकेतिक लिप्यांचा अवलंब झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेली लिपी म्हणजे सकळ लिपी. चौदाव्या शतकातील रवळोबास यांनी ती निर्माण केली, असे परंपरा सांगते. साती ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या, दत्तात्रेयप्रभूंचे माहात्म्य वर्णन करणाऱ्या ‘सह्याद्रिवर्णन’ या काव्याचे कर्तेही तेच होत. सकळ लिपीशिवाय सुंदरी, पारमांडल्य, अंक, सुभद्रा इत्यादी लिप्यांची नावे आढळतात आणि अशा लिप्यांची एकूण संख्या वीसहून अधिक सांगितली जाते.

महानुभावीय पोथी सांकेतिक आहे एवढे कळल्याने काहीच निश्चित होत नाही, हे या संख्येवरून ध्यानात येते. सकळ लिपीची किल्ली ज्याच्या हाती आहे त्यास प्रत्येक अपरिचित पोथी सकळ लिपीतील वाटण्याचा संभव असतो. दोन लिप्यांत काही चिन्हे समान किंवा सदृश असतील, तर चुकीच्या किल्लीनेही अधूनमधून एखादा सार्थ शब्द हाती लागतो, आणि तेवढ्यावर विश्वासून उरलेले अपभ्रष्ट वाचन लेखकाच्या किंवा नकलकाराच्या माथी मारले जाते.

या गुप्ततेचा एक परिणाम मात्र अभ्यासकांच्या दृष्टीने इष्टच झाला. ज्याचे वाचनच मर्यादित, त्या ग्रंथात फेरफारही मर्यादित होतात. लोकप्रिय ग्रंथांची भाषा प्रत्येक पिढीच्या नकलकाराच्या हातून नकळत नवी होत गेली. महानुभावीय गद्यात यादवकालीन रूपे त्या मानाने पुष्कळ टिकली. मराठी ज्यांची मातृभाषा नव्हे, अशा पंजाबातील अनुयायांनीही मराठी धर्मग्रंथ मराठीतच जतन केले. लेख लपविण्यासाठी योजलेले साधन अशा रीतीने लेख अविकृत राखण्याच्याही उपयोगी पडले.

(३)

संकेतलेखनाची कल्पना भारतात नवीन नव्हती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने सांकेतिक भाषणलेखनाचा समावेश आहे. त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत कौटिलीय आणि मूलदेवीय अशा संकेतपद्धती सांगितल्या आहेत. मूलदेवीय पद्धतीत अक्षरांच्या जोड्या ठरवून दिलेल्या असून जोडीतील एका अक्षराच्या जागी दुसरे लिहावयाचे असते. च आणि ट ही एक जोडी, त आणि प ही दुसरी. या पद्धतीने ‘तट’ हा शब्द ‘पच’ असा होतो व ‘पट’ हा ‘तच’ असा होतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पच’ हे रूप देवनागरीच आहे, उच्चारता येण्याजोगे आहे आणि एखाद्यास ते ‘पचणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप म्हणून सार्थही वाटू शकेल. संकेत आहे हेच ओळखता न आल्याने वाचक फसतो, त्याचे हे सुलभ उदाहरण होय.

याच्या उलट प्रकार महाराष्ट्रातील मुलांच्या ‘च’च्या भाषेत दिसतो. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी ‘च’ लावला की ‘मला’चे ‘चलाम’ होते आणि ‘घरी’चे ‘चरीघ’. ही भाषा ऐकणाऱ्यास एकही शब्द न कळता तिचा प्रकार मात्र तत्काळ कळतो. कारण प्रत्येक शब्दाच्या आरंभी तोच ‘च’ येतो. संकेताचा प्रकार उघड करणारे लक्षण अर्थात नसून वितरणात असते, हे तत्त्व मुलांच्या खेळातही सापडते. अक्षरांच्या वारंवारतेवरून संकेत उकलण्याची पद्धती नवव्या शतकात अल्‌-किंदी या अरब पंडिताने ग्रंथनिविष्ट केली, तिचाही पाया हाच आहे. भाषा बदलता येत नाही, केवळ तिचा वेष बदलता येतो. आणि भाषेच्या सवयी त्या वेषातूनही प्रकट होतात.

(४)

आधुनिक काळात महानुभावीय लिप्यांचे कोडे उलगडण्याचे श्रेय इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्यांनी सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे एक बंद दालन उघडले. विनायक लक्ष्मण भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव ग्रंथकारांस जे विस्तृत स्थान मिळाले, ते या उलगड्यामुळेच शक्य झाले. पुढे यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने, विष्णु भिकाजी कोलते प्रभृतींनी हे संशोधन पुष्कळ पुढे नेले. लंडन येथील अभ्यासक रेसाइड यांनी १९७० मध्ये सकळ लिपीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

राजवाड्यांचा बीडशी असलेला संबंध दुसऱ्या एका पोथीमुळे आहे. बीड येथे मिळालेल्या एका जुन्या प्रतीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्यातील भाषेचे व्याकरणही त्यांनी सिद्ध केले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या शुद्धीकरणापूर्वीची ही संहिता आहे, असा त्यांचा निर्णय होता. या निर्णयाचा विचार लेखाच्या अखेरीस करावयाचा आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे, की अपरिचित लिपी कोणती हे ठरविणे आणि अपरिचित प्रत कोणत्या काळाची हे ठरविणे, ही दोन्ही कार्ये स्वरूपतः एकच आहेत. दोहोंत उपलब्ध लक्षणांवरून अज्ञात वस्तूस एका ज्ञात वर्गात बसवावयाचे असते.

(५)

समोरील मराठी संकेतलेखाचा प्रकार भाषाशास्त्राच्या साहाय्याने कसा ओळखता येतो, याचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

प्रथम लिपी आणि संकेत यांतील भेद निश्चित केला पाहिजे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील जुन्या दप्तरांत मोडी, फारसी आणि उर्दू असे तिन्ही प्रकारचे कागद येतात. मोडी न जाणणाऱ्यास मोडीचे पानही गूढलेखच वाटते. म्हणून ज्ञात लिप्यांशी तुलना करून त्या वगळणे, ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी चिन्हांच्या गणनेची. लेखात एकूण चिन्हे किती आहेत यापेक्षा भिन्न चिन्हे किती आहेत, हे महत्त्वाचे. मराठीत व्यंजने सुमारे चौतीस आणि स्वर सुमारे डझनभर. भिन्न चिन्हांची संख्या या मर्यादेच्या आसपास असेल, तर एका अक्षरास एक चिन्ह योजले असल्याचा संभव अधिक. ती दहाच्या आत असेल, तर अक्षरे अंकांनी दर्शविली असावीत. मग अंकांचे गट कसे पाडावयाचे, हा पुढील प्रश्न. ती शंभरावर गेली, तर जोडाक्षरांना स्वतंत्र चिन्हे आहेत किंवा एका अक्षरास अनेक पर्याय आहेत, असे अनुमान करावे लागते.

तिसरी पायरी स्थानाच्या निरीक्षणाची. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण पुष्कळ वेळा येतात, पण शब्दाच्या आरंभी येत नाहीत. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहिलेले नसतात, त्यामुळे शब्दारंभ कोठे आहे हे प्रथमदर्शनी कळत नाही. तथापि विरामाचा दंड कायम ठेवलेला असल्यास दंडानंतरचे चिन्ह निश्चितपणे शब्दाच्या आरंभीचे असते. जे चिन्ह लेखात वारंवार येते परंतु दंडानंतर एकदाही येत नाही, ते या दोन वर्णांपैकी एकाचे असण्याचा संभव मोठा.

चौथी पायरी छंदाची, आणि मराठीच्या बाबतीत ती विशेष उपकारक आहे. साती ग्रंथ ओवीबद्ध आहेत. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक असते व चौथा चरण मोकळा असतो. अक्षरास ठराविक अक्षर योजणाऱ्या कोणत्याही संकेतात हे यमक नष्ट होत नाही. तीन चरणांच्या अखेरीस तीच चिन्हे पुन्हा येतात, मग ती चिन्हे कोणतीही असोत. एक अक्षरही न वाचता पोथी ओवीबद्ध आहे आणि संकेत एकास एक प्रकारचा आहे, ही दोन्ही अनुमाने यावरून काढता येतात. यमकाच्या जागी चिन्हे जुळत नसतील, तर मजकूर लीळाचरित्राप्रमाणे गद्य असेल, अथवा संकेत अधिक गुंतागुंतीचा असेल. या दोन शक्यतांचा निवाडा मात्र छंदावरून होऊ शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या पायरीवरील गणनेकडे परत यावे लागते.

अखेरची पायरी ज्ञात पाठाशी ताळा पाहण्याची. समोरील पोथी अमुक ग्रंथाची असावी असे पुष्पिकेवरून, मठाच्या परंपरेवरून किंवा सोबतच्या पोथ्यांवरून कळले, तर त्याच ग्रंथाच्या देवनागरी प्रतीशी ती ताडून पाहता येते. पहिल्या चार पायऱ्या शक्यतांची संख्या कमी करतात. निर्णय या पाचव्या पायरीवर होतो.

(६)

संगणकाच्या व्यवहारात आज अगदी याच स्वरूपाचा प्रश्न निराळ्या रूपात उपस्थित होतो. कोणत्याही लांबीच्या लेखावर ठरलेली गणिती क्रिया करून एक ठराविक लांबीची खूण काढता येते. तिला हॅश म्हणतात. मूळ लेखात एका अक्षराचा बदल झाला तरी खूण पूर्णपणे बदलते. म्हणून पोथीच्या छायाप्रतींची संगणकीय धारिका अविकृत आहे किंवा नाही हे पाहण्यास, तसेच परवलीचा शब्द उघड न लिहिता त्याची पडताळणी करण्यास, तिचा उपयोग करतात. ही खूण काढण्याच्या पद्धती अनेक आहेत. पद्धतीचे नाव न लिहिता केवळ खूण नोंदली गेली, म्हणजे पुढील माणसापुढे तोच प्रश्न येतो : ही कोणत्या प्रकारची?

येथेही आरंभ बाह्य लक्षणांनीच होतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली एमडी-५ ही पद्धती १२८ द्विमान अंकांची खूण देते. षोडशमान पद्धतीने ती ३२ चिन्हांत लिहिली जाते. १९९५ च्या एसएचए-१ ची खूण ४० चिन्हांची, तर एसएचए-२५६ ची ६४ चिन्हांची असते. परवलीच्या शब्दांसाठी १९९९ मध्ये सादर झालेल्या बीक्रिप्ट पद्धतीची खूण ६० चिन्हांची असून तिच्या आरंभीच डॉलरचिन्हांच्या दरम्यान पद्धतीचा संकेत लिहिलेला असतो. हा आरंभीचा संकेत म्हणजे एका अर्थी त्या लेखाचे मंगलाचरणच होय. तो असला की ओळख बहुतांशी सुकर होते.

परंतु असा संकेत नसेल तेव्हा लांबी एकटी निर्णय देऊ शकत नाही. एमडी-५ प्रमाणेच तिची पूर्ववर्ती एमडी-४ हीदेखील ३२ चिन्हांची खूण देते, आणि एमडी-४ वर आधारलेली, विंडोज प्रणालीतील परवलीच्या शब्दांची एनटीएलएम खूणही ३२ चिन्हांचीच असते. ४० चिन्हांची खूण एसएचए-१ ची असेल किंवा राइपएमडी-१६० चीही असेल. ६४ चिन्हांची एसएचए-२ कुलातील असेल किंवा २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एसएचए-३ कुलातील. ओळख पटविणारी साधने अशा वेळी एक नाव न देता संभाव्य नावांची यादी देतात, आणि प्रामाणिक साधनाने तसेच करावयास हवे.

संकेतलेख आणि हॅश यांत एक मूलभूत भेद आहे व तो दृष्टीआड होऊ देता कामा नये. संकेतलेखात मूळ लेख दडलेला असतो. किल्ली मिळाली की तो परत मिळतो. हॅशमध्ये मूळ लेख नसतोच. असते ती केवळ त्याची खूण. त्यामुळे भाषेच्या सवयी तेथे उमटत नाहीत. चांगल्या पद्धतीच्या खुणांत सोळाही चिन्हे सारख्याच प्रमाणात येतात. वारंवारता, स्थान व यमक ही भाषाशास्त्राची सर्व साधने तेथे निरुपयोगी ठरतात. उरतात ती तीनच लक्षणे : लांबी, चिन्हसंच आणि आरंभीचा संकेत. म्हणून अखेरच्या पायरीचे महत्त्व येथे अधिकच वाढते. ही खूण कोणत्या प्रणालीतून, कोणत्या काळात, कोणत्या हेतूने निघाली हे पाहावयाचे. आणि ज्या लेखाची ती असल्याचे माहीत आहे, त्या लेखावर एकेक संभाव्य पद्धती चालवून कोणती खूण जुळते ते तपासावयाचे. मठाची परंपरा व ज्ञात पाठ यांचा जो आधार पोथीच्या अभ्यासकास असतो, तोच येथे दुसऱ्या नावाने उपस्थित होतो.

प्रकार चुकीचा ठरविला तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. चुकीची पद्धती चालविल्यास खूण जुळत नाही, आणि अविकृत धारिका विकृत म्हणून बाद होण्याचा धोका उद्भवतो. प्रकार बरोबर ओळखला तरी त्या प्रकाराची विश्वसनीयता कालपरत्वे बदलते. भिन्न लेखांस एमडी-५ ची एकच खूण देता येते, हे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखविले. एसएचए-१ विषयी तेच २०१७ मध्ये प्रत्यक्ष उदाहरणाने सिद्ध झाले. तेव्हा प्रकाराच्या नावाबरोबर खूण काढल्याच्या वर्षाचीही नोंद असणे अगत्याचे ठरते.

(७)

आता बीडच्या ज्ञानेश्वरीकडे वळता येईल. राजवाड्यांनी त्या प्रतीचा काळ भाषिक लक्षणांवरून ठरविला. त्यांची विद्वत्ता आणि जुन्या मराठीची जाण वादातीत होती. परंतु ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांस तपासणीसाठी उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे छापील संहितेतील जुनी रूपे पोथीत जशीच्या तशी होती काय, अक्षरवळण आणि कागद त्या काळास अनुरूप होते काय, हे प्रश्न विचारता येतात, पण त्यांची उत्तरे आता पोथीवरून देता येत नाहीत. निर्णय उरला, आणि ज्यावर तो निर्णय आधारला होता ती वस्तू गेली. राजवाड्यांचा निर्णय चुकीचा होता, असे यावरून सिद्ध होत नाही. तो बरोबर होता असेही सिद्ध करता येत नाही. संशोधनाच्या दृष्टीने ही दुसरी हानीच अधिक मोठी आहे.

मराठवाड्यातील मठांत, देवस्थानांत आणि घराण्यांत असलेल्या पोथ्यांची सूची करणाऱ्यावर या अनुभवामुळे एक जबाबदारी येते. सूचीत एखाद्या पोथीपुढे ‘सकळ लिपी’ असे दोन शब्द लिहिले गेले, की पुढील पिढीतील अभ्यासक ते गृहीत धरून चालतो. ते लेबल चुकीचे असेल, तर सकळ लिपीची किल्ली तेथे चालत नाही, पोथी अपभ्रष्ट ठरते आणि पुन्हा फडक्यात बांधली जाते. आपले शास्त्र जपण्यासाठी ज्यांनी ती लिहिली, त्यांच्या श्रमांचा असा शेवट होऊ देणे योग्य नव्हे.

म्हणून प्रकार लिहिताना तो कोणत्या पायरीवर ठरला, हेही लिहावे. केवळ चिन्हांच्या रूपावरून ठरला असल्यास ‘संभाव्य’ असे स्पष्ट म्हणावे. एकाहून अधिक लिप्या संभवत असतील तर त्या सर्वांची नावे द्यावीत. ज्ञात पाठाशी ताळा पाहिला असेल तर कोणत्या पाठाशी आणि किती पानांपर्यंत, ते नोंदवावे. पोथी कोठे, कोणत्या गाठोड्यात, कोणत्या पोथ्यांसमवेत मिळाली याची नोंद तर कधीच टाळू नये. कारण लक्षणे जेथे दोन शक्यतांमध्ये अडखळतात, तेथे हीच नोंद निर्णय देते. पोथीची छायाप्रत घेतली असल्यास तिच्या धारिकेची हॅश, ती काढण्याच्या पद्धतीचे नाव आणि वर्ष ही तिन्ही एकत्र लिहावीत. सूचिकाराने यांतील पद्धतीचे नाव गाळले, तर सहाशे वर्षांपूर्वीच्या गूढलेखाची सूची करता करता तो पुढील अभ्यासकासाठी एक नवा गूढलेख मागे ठेवील.